एनडीए की साधं कॉलेज? एकाच घरातून दोन्ही वाटांचा अनुभव

आमच्या घरात सैन्यात दोघं आहेत. थोरला खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे बारावीनंतर घेणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून गेला. धाकटी पुण्यात बीएस्सी आणि एनसीसी करून, सीडीएस ही पदवीधरांची लेखी परीक्षा देऊन चेन्नईच्या ओटीएतून, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून गेली. मी कराडला हायस्कुलात गणित शिकवते, त्यामुळे दहावीचा निकाल लागला की पालक विचारायला येतातच, ‘बाई, कुठली वाट बरी?’ दरवर्षी तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

निकाल आधीच सांगते. ज्या मुलाचं सोळाव्या-सतराव्या वर्षी पक्कं ठरलंय, त्याने दुसरीकडे बघू नये, एनडीएच. ज्याचं ‘युनिफॉर्म भारी दिसतो’ एवढंच ठरलंय, त्याला खुशाल तीन वर्षं कॉलेजात घालू द्या. बापाचं ठरलंय आणि मुलाचं नाही, अशी घरंही मी पाहते. त्यांना मी चहा देते आणि विषय बदलते.

एनडीएला शिरण्याचं दार अरुंद आहे. साडेसोळा ते साडेएकोणीस एवढंच वय चालतं. लेखी 900 गुणांची, त्यात गणित 300. ती पार केली की एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत, तीही 900 गुणांची. थोरला दहावीनंतर तेव्हाच्या औरंगाबादच्या एसपीआयमध्ये, म्हणजे एनडीएची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थेत होता. अधिकाऱ्यांत मराठी मुलं कमी, ही तक्रार जुनीच आहे; त्यासाठीच राज्य सरकारने 1977 साली ही संस्था काढली. अकरावी-बारावीही तिथे राहूनच होते. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सरकारची सगळ्यात चांगली सेवा हीच, आणि तिची जाहिरात सगळ्यात कमी. मुलींसाठी तशीच संस्था 2023 पासून नाशिकला सुरू झाली आहे.

आता खुद्द एनडीए. 2016 च्या जुलैत मुलाला सोडून आलो. जागा बघून कोणाचीही छाती दडपेल. मागे सिंहगड, पुढे धरणाचं पाणी, मधे सुदान ब्लॉकचा तो घुमट. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी सुदानच्या बचावासाठी रक्त सांडलं म्हणून तिथल्या सरकारने एक लाख पौंड दिले होते, त्यातून ही इमारत उभी राहिली. पालक फोटो काढण्यात गुंग असतात, तेवढ्यात पोरगं रांगेत उभं राहून दिसेनासं होतं.

पहिली टर्म म्हणजे रगडा. त्याला दुसरा शब्द नाही. ड्रिलची परीक्षा पास झाल्याशिवाय लिबर्टी, म्हणजे बाहेर पडायची मुभा, मिळत नाही. कराड ते खडकवासला चार तासांचा रस्ता, पण पोरगा लंडनला असता तर जास्त बोलला असता. सुट्टीत आला तेव्हा काळा पडला होता, गाल आत गेले होते, आणि ताटातलं सगळं संपवून उठायचा. माझ्या हातची दुधीची भाजी त्याने मागून घेतली, हे एकच वाक्य त्याच्या आजीला पटवायला मला आठवडा लागला.

सहा टर्ममध्ये जे मिळतं ते पैशांनी विकत मिळायचं नाही. घोडेस्वारी, पोहणं, बॉक्सिंग, तोरणाच्या नावाचा शेवटचा कॅम्प, आणि मुख्य म्हणजे कोर्समेट. नौदल, वायुदल, भूदल तिघांची मुलं तीन वर्षं एकाच स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे एकत्र राहणाऱ्या गटात राहतात. आज याला कुठेही काही अडलं की फोन कोर्समेटलाच जातो, आम्हाला नंतर कळतं. खर्च म्हणाल तर शिक्षण, राहणं, जेवण, कपडे सरकारचं. पालकांकडे फक्त खिशाचा खर्च. जेएनयूची पदवी मिळते ती वेगळीच.

उणं काय? एक, सगळं दुसऱ्याने आखलेलं. एकविसाव्या वर्षी हा मुलगा नकाशा वाचून रात्री डोंगर उतरायचा, पण घरमालकाशी डिपॉझिटवरून बोलता येत नव्हतं. धाकटीने ते अठराव्या वर्षी केलं. दोन, एखादी टर्म नापास झाली की रेलिगेट होऊन ती पुन्हा करायची, आणि ते पोरांच्या मनाला फार लागतं. तिसरं सगळ्यात गंभीर. प्रशिक्षणात मोठी दुखापत झाली आणि मेडिकल बोर्डाने बाहेर काढलं, तर तो मुलगा अधिकारी झालेला नसतो, म्हणून माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला. आम्ही पाठवलं तेव्हा हा प्रश्न कोणी विचारलाही नव्हता. तुम्ही विचारा.

2019 च्या मे महिन्यात खेत्रपाल परेड मैदानावर बसून त्याचं संचलन पाहिलं. पुढचं वर्ष डेहराडूनच्या आयएमएमध्ये, म्हणजे भूदलाच्या प्रबोधिनीत. जून 2020 चा समारंभ कोरोनामुळे पालकांविना झाला. खांद्यावर तारे लावायला आम्ही नव्हतो, मोबाइलवर बघितलं. ते अजून सलतं.

धाकटीला हा पर्यायच नव्हता. बारावी झाली 2018 साली, तेव्हा एनडीए मुलींना बंद होती. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दार उघडायला लावलं, तोवर हिचं वय गेलं. (मुलींची पहिली तुकडी 2022 ला दाखल झाली आणि 2025 च्या मे महिन्यात सतरा जणी बाहेर पडल्या. हिने ते टीव्हीवर पाहिलं आणि काही बोलली नाही.)

मग पुण्यात कॉट बेसिसवर राहिली. खानावळीत रविवारी फक्त सकाळचं जेवण, संध्याकाळी वडापाव. पहाटे वेताळ टेकडीवर धावायला जायची. उठवायला एनडीएसारखा उस्ताद (कवायत घेणारा) नव्हता, गजर बंद करून झोपली असती तरी कोणी हटकलं नसतं. कॉलेजच्या वाटेची खरी परीक्षा तीच. सोबत सुरुवात केलेल्यांपैकी बरेचजण दुसऱ्या वर्षापर्यंत एमपीएससीकडे किंवा आयटीकडे वळले. वाईट काय त्यात? उलट बरं झालं, वेळेवर कळलं. एनडीएत दुसऱ्या वर्षी कळलं असतं तर सोडताना आतापर्यंतचा खर्च भरून द्यावा लागला असता.

एनसीसीचं सी सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत असेल आणि पदवीला पन्नास टक्के असतील तर लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी. धाकटी त्या वाटेने गेली आणि पहिल्याच दिवशीच्या चाळणीत बाद, म्हणजे स्क्रीन आउट होऊन दुपारच्या गाडीने परत आली. रडली नाही, झोपली. नंतर सीडीएस दिली. ओटीएसाठी त्यात गणिताचा पेपर नसतो. गणिताच्या बाईंची मुलगी म्हणून मला त्याचं जरा वाईट वाटलं, तिला मुळीच नाही. या वेळी एसएसबीत पाचही दिवस टिकली. तिचं म्हणणं, कॉलेजात गणपतीचा मांडव, भांडणं आणि वर्गणी सांभाळल्याचा गटकार्यात जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच पुस्तकाचा झाला नाही.

चेन्नईला 49 आठवडे. त्या काळात महिना 56,100 रुपये विद्यावेतन मिळतं. 2023 च्या सप्टेंबरात परमेश्वरन ड्रिल स्क्वेअरवर आम्ही दोघांनी तिच्या खांद्यावर तारे लावले. ते मेजर परमेश्वरन मुंबईच्या एसआयईएस कॉलेजचे विज्ञान पदवीधर, मग अधिकारी, श्रीलंकेत 1987 ला वीरमरण आणि परमवीरचक्र. खडकवासल्याचं मैदान ज्यांच्या नावाचं ते अरुण खेत्रपाल एनडीएचे, तेही परमवीर. कॉलेजमार्गे आलेला अधिकारी दुय्यम असतो असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आता ही दोन नावं सांगते.

फरक आहे तो कमिशनमध्ये, म्हणजे अधिकारी म्हणून होणाऱ्या नेमणुकीत, आणि तो नीट समजून घ्या. एनडीएवाल्याचं कमिशन कायम. ओटीएचं अल्पमुदतीचं, दहा वर्षं, पुढे चार वाढवता येतात. तेवढ्यात सुटलं तर पेन्शन नाही. स्त्रियांना कायम कमिशन मिळू शकतं, सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालानंतर, पण ते निवड होऊन. मुलग्यांना सीडीएसमधून आयएमए मिळालं तर मात्र दीड वर्षाच्या प्रशिक्षणानंतर एनडीएवाल्यासारखंच कायम कमिशन. ते ध्येय ठेवा, ओटीए दुसऱ्या क्रमांकावर.

क्लासबद्दल दोन शब्द. नावात ‘मिलिटरी’, पोरांना बूट-बेल्ट आणि दारात लाकडी बंदूक, एवढ्याने एनडीएत जागा मिळत नाही. लेखीसाठी चांगला गणिताचा शिक्षक पुरतो. पदवीधरांना एसएसबीच्या तयारीसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र मोफत आहे. लाखभराचं पॅकेज घेण्याआधी तिथे चौकशी करा.

आणि फी भरायच्याही आधी डॉक्टरांकडे जा. रंग ओळखता येतात का, तळवे सपाट आहेत का, उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना घासतात का, दात सगळे आहेत का, एवढं बघून घ्या. कानाचा मळ काढूनच मेडिकलला जा. गोंदवलेलं असेल तर यूपीएससीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा.