आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमी : घाईने पाहू नये अशी जागा

वॉशिंग्टनला जाणारे बहुतेक प्रवासी पोटोमॅक नदीपलीकडच्या या दफनभूमीसाठी जेमतेम तासभर राखून ठेवतात. पहिल्या खेपेला एका खासगी सहलीबरोबर आम्हीही तसेच गेलो. केनेडींच्या थडग्याजवळची अखंड ज्योत पाहून होते न होते तोच मार्गदर्शकाने घड्याळाकडे बोट दाखवले, आणि ज्यासाठी आलो होतो ते राहूनच गेले. दुसऱ्या खेपेला मात्र पूर्ण सकाळ दिली. प्रवेश विनामूल्य आहे, ट्रामला तिकीट पडते. पण पाय साथ देत असतील तर चालतच जावे.

साठाव्या विभागात इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांत मारले गेलेले अनेक सैनिक आहेत. एकसारख्या पांढऱ्या संगमरवरी शिलांची रांग लांबून पाहताना शिस्तीखेरीज काही जाणवत नाही. जवळ जाऊन जन्म आणि मृत्यू यांची वर्षे वाचली की मन आपोआप वजाबाकी करू लागते आणि उत्तर वीस, एकवीस, कधी एकोणीस येते. एका शिलेच्या माथ्यावर चार नाणी आणि एक गुळगुळीत खडा ठेवलेला होता, तर पायथ्याशी पावसाने फुगलेले वाढदिवसाचे शुभेच्छापत्र. ते उघडून पाहण्याचा मोह झाला, हे कबूल करतो, पाहिले नाही.

अनाम सैनिकाच्या समाधीपुढचा पहारा सगळेच पाहतात. पहारेकरी एकवीस पावले चालतो, एकवीस सेकंद थांबतो आणि वळतो. गर्दीची नजर त्याच्या बुटांवर असते, पण माझ्या मते तिथली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे व्हिएतनाम युद्धाची रिकामी कबर. मायकेल ब्लासी हा चोवीस वर्षांचा वैमानिक 11 मे 1972 रोजी आन लॉकजवळ विमान पाडले गेल्याने मृत्यू पावला. त्याचे अवशेष सापडले, पण ओळख निश्चित न झाल्याने 1984 मध्ये ते येथे ‘अनाम’ म्हणून पुरण्यात आले. कुटुंबाच्या आग्रहावरून 1998 मध्ये कबर उघडून नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए ताडून पाहण्यात आला, ओळख पटली, आणि त्याच वर्षी जुलैत सेंट लुइसजवळच्या जेफरसन बॅरक्स दफनभूमीत, म्हणजे घरच्या मुलखात, त्याचे स्वतःच्या नावाने दफन झाले. सव्वीस वर्षांनी मुलगा घरी आला. मागे उरलेल्या कबरीत नंतर कोणालाही ठेवलेले नाही. तिच्यावरील नव्या शिलेवर बेपत्ता सैनिकांचे स्मरण कोरले आहे.

दफनभूमीचे मोफत ॲप उपयुक्त आहे. नाव टाकले की थडग्याची जागा नकाशावर दिसते आणि शिलेचे छायाचित्रही मिळते, त्यामुळे नातेवाइकांना रांगा शोधत भटकावे लागत नाही.

सोमवार ते शुक्रवार अंत्यसंस्कार चालू असतात, हे ध्यानात ठेवून जावे. आम्ही वळणावर असताना पलीकडून बंदुकांच्या तीन फैरी ऐकू आल्या आणि मग बिगुल. रस्त्यावरचे सर्वजण जागच्या जागी थांबले; माझ्या पुढच्या लहान मुलाने आईला कारण विचारले, तेव्हा तिने उत्तर न देता फक्त त्याच्या डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.