अंतरपाटाच्या वेळी पडलेला सॉफ्टबॉक्स आणि पंधरा रुपयांची फोम शीट : नऊ महिन्यांचा अनुभव

तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते, म्हणून गेल्या नोव्हेंबरात ८४९ रुपये देऊन घडीचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी, मागवला. २० बाय ३० सेंटीमीटरचा, पुढे पांढरं कापड, आत चंदेरी अस्तर, फ्लॅशच्या डोक्याला वेलक्रोने आवळायचा. फ्लॅश माझा साधा, गोडॉक्स टीटी ६००, सगळं हाताने सेट करायचं. चार महिने मी या सॉफ्टबॉक्सचं जो भेटेल त्याला कौतुक सांगत होतो. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

मे महिन्यात, मराठवाड्यात मानवतजवळच्या एका लग्नात, शेवटचं मंगलाष्टक संपून अंतरपाट खाली येत होता आणि सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्यावरून सुटून थेट नवरीच्या पायाशी अक्षतांवर पडला. माझं बोट तोवर दाबलं गेलं होतं. सॉफ्टबॉक्स उजेड खातो म्हणून फ्लॅश १/२ वर, म्हणजे अर्ध्या ताकदीवर ठेवलेला. वरचं कापड गेलं आणि तेवढाच उजेड उघडा तोंडावर बसला. दोघांचे चेहरे पांढरेफटक, मागच्या पडद्यावर काळ्या कडक सावल्या. टीटीएल (लेन्समधून येणारा उजेड मोजून फ्लॅश आपोआप कमी-जास्त करणारी सोय) नसलेला फ्लॅश स्वतःहून सावरत नाही, हे लक्षात ठेवा. नवरीच्या मामांनी विचारलं, "दादा, आला का फोटू?" मी आला म्हणालो. रात्री कॅमेऱ्याच्या कच्च्या, म्हणजे रॉ फाइलमधून चेहरे जेमतेम ओढून काढले, पण नवरीच्या कपाळाचा रंग काही परत आला नाही. ती नजरानजर पुन्हा होत नसते. याचा राग अजून गेलेला नाही.

दोष वेलक्रोचा, आणि मी तो नीट तपासला आहे. वेलक्रोच्या दोन पट्ट्या असतात. मऊ पट्टी सॉफ्टबॉक्सला शिवलेली असते. काट्यांची पट्टी आपण फ्लॅशच्या डोक्यावर चिकटवायची, मागे गोंद लावलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, वर पत्र्याचं कार्यालय, आणि सारखा मारून फ्लॅशचं डोकं आधीच तापलेलं. गोंद पातळ होऊन सरकतो. पट्टी फ्लॅशवरून बोटभर खाली आली होती आणि मागे काळा चिकट थर राहिला होता, तो काढायला खोबरेल तेल आणि अर्धा तास गेला. दुसरं, त्या काट्यांत काय काय अडकतं बघा: शालूचे धागे, रुखवताची लोकर, मांडवाच्या कापडाचा भुगा. तीन-चार महिन्यांत पकड निम्मी होते. सॉफ्टबॉक्सचं वजन सगळं पुढे, म्हणून डोकंही हळूहळू खाली वाकतं. जानेवारीत, थंडीत, यातलं काहीच जाणवलं नव्हतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की परत करायची मुदत दहा दिवसांची होती. मी लिहिलं, सहा महिन्यांची वॉरंटी तुम्हीच पाकिटावर छापली आहे, आणि अजून सहा महिने पूर्ण व्हायला सहा दिवस बाकी आहेत. तर म्हणे वॉरंटी बनावटीच्या दोषाला, वापराच्या झिजेला नाही. उन्हाने सुटणारा गोंद लावून ती वस्तू मराठवाड्यात विकणं हा बनावटीचा दोष नाही तर काय आहे? सात निरोप गेले-आले. शेवटी पुढच्या खरेदीवर शंभर रुपये सूट देऊ म्हणाले. मी ती घेतली नाही. मला फक्त नवी पट्टी हवी होती, जिची किंमत वीस रुपयेसुद्धा नसेल.

त्या लग्नानंतर तीन दिवसांनी जिंतूरची हळद होती आणि हातात काही नव्हतं. आधी पेटीतली जुनी पांढरी डबी काढली. फ्लॅशच्या तोंडावर टोपीसारखी बसणारी, दीडशे रुपयांची, बहुतेकांकडे असतेच. तिच्याबद्दल माझं मत तेव्हा फार वाईट होतं. फ्लॅशचं तोंड साधारण साडेसात बाय चार सेंटीमीटर, डबी त्याहून किंचित मोठी. उजेड मऊ होतो तो प्लॅस्टिक पांढरं असल्याने नव्हे, समोरच्या माणसाला उजेडाचा तुकडा मोठा दिसल्याने. पैठणी समोर धरली की हे लगेच कळतं. जरीचा धागा म्हणजे बारीक आरसाच, तिच्यात फ्लॅशचं प्रतिबिंब दिसतं. फ्लॅश लहान असेल तर पदरावरच्या मोराच्या जागी पांढरे ठिपके जळतात. उजेड मोठा असेल तर तीच चमक पसरून मोर पुन्हा दिसायला लागतो. घामेजलेल्या कपाळाचंही तेच. डबी लावून घेतलेल्या फोटोत ठिपके जिथल्या तिथे होते. वर तोटा असा की उघड्या फ्लॅशला जिथे १/१६ पुरतं तिथे डबीला १/४ लागलं. म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप गेला की उजेड निम्मा), सेल निम्म्या कार्यक्रमात बसले, आणि हाती काही नाही.

मग शाळेच्या हस्तकलेची पांढरी फोम शीट आणली. ए-फोर आकाराची, दोन मिलिमीटर जाड, पंधरा रुपये. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद चकती कापली. फ्लॅशचं डोकं आकाशाकडे केलं, शीट मागच्या बाजूने लावली, ट्यूबने आवळली आणि वरचा भाग सुपासारखा पुढे वाकवला. झालं. क्षेत्रफळ मोजलं तर उघड्या फ्लॅशच्या वीसपट भरतं, आणि त्या महागड्या सॉफ्टबॉक्सएवढंच. उजेडही तसाच पडला. खरं सांगतो, शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोटोंत मला फरक दाखवता आला नाही. उजेड साधारण दीड स्टॉप जातो. ट्यूब उन्हाने सुटत नाही, उलट जास्त घट्ट धरते. कॅमेरा उभा धरला तर फक्त डोकं वळवायचं, शीट वरच राहते, म्हणून भिंतीवर बाजूला पडणारी कानामागची काळी सावलीही जाते. शीट पडली तरी कोणाला लागत नाही, फुटत नाही.

पण फोमची बाजू घेताना दोन गोष्टी लपवणार नाही. उघड्यावर वारा आला की ती फडफडते आणि दर फोटोला उजेड वेगळा येतो. वरातीत मी ती काढून ठेवतो. आणि अंतर. पाच-सहा फुटांवर जो गोडवा येतो तो पंधरा फुटांवर राहत नाही, कारण तिथून ए-फोर कागदही टिकलीएवढा होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, हे वेगळंच. पंगत किंवा स्टेजवरचा तीस जणांचा ग्रुप असेल तर कोणताही डिफ्यूझर (उजेड मऊ करणारी वस्तू) काढा आणि उघडा फ्लॅश मारा. तिथे मऊपणाच्या नादात मागची रांग काळी येते.

छतावर फ्लॅश मारून बघा, असं बाहेरचे फोटोग्राफर सांगतात. आपल्याकडे छत म्हणजे वीस फुटांवरचा पत्रा, नाहीतर गुलाबी-केशरी मांडव. पत्र्याकडून काही परत येत नाही आणि मांडवाकडून आलं तर नवरदेव गुलाबी होतो.

इथे डबीबद्दलचं माझं मत बदललं ते सांगायला हवं. जूनमध्ये सेलूला एक साखरपुडा घरातच होता. दहा बाय बाराची खोली, ताजा पांढरा चुना, छत हाताला लागेल असं. फोम वाकवायलाही जागा नव्हती, म्हणून डबी लावली. फोटो बघून मी थांबलोच. डबी उजेड चारही बाजूंना फेकते, आणि त्या खोलीत चारही भिंती तो परत देतात. म्हणजे डिफ्यूझर डबी नव्हतीच, ती खोली होती. सावल्या नाहीत, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा गोड आल्या. डबी पूर्ण वाया आहे असं मी जे तीन-चार मित्रांना सांगितलं होतं, ते त्यांना फोन करून दुरुस्त केलं. पत्र्याच्या कार्यालयात आणि शेतात ती अजूनही वाया आहे.

आषाढात लग्नं नसतात. तेव्हा पैठणला एका ओळखीच्या विणकराच्या पैठण्यांचे फोटो काढायचं काम आलं. तिथे वरची कोणतीच वस्तू पुरेना. घरी अण्णांचं जुनं धोतर होतं. ते दुहेरी करून पाण्याच्या पीव्हीसी पाइपच्या तीन बाय चार फुटांच्या चौकटीवर ताणलं, मागून फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करून मारला. जरीचा मोर पहिल्यांदा पिसांसकट दिसला. फक्त रंग थंड, निळसर यायला लागला. कॅमेऱ्याचा पांढरा तोल (व्हाइट बॅलन्स) तपासला, सेल बदलले, काही उपयोग नाही. संध्याकाळी माय म्हणाली, "आरं, त्याला नीळ घातलेली हाय." दोन वेळा साध्या पाण्यातून काढून वाळवलं आणि रंग जाग्यावर आला. घरचं पांढरं कापड वापरणार असाल तर नीळ नसलेलं घ्या, आणि चमकदार पांढरेपणाचा दावा करणाऱ्या पावडरीत धुतलेलं तर नकोच. ती पावडर कापडात राहते आणि फ्लॅशच्या उजेडात निळसर चमकते.

सॉफ्टबॉक्स मी टाकलेला नाही. वेलक्रो कापून काढलं, त्याच ट्यूबच्या दोन चकत्यांनी तो आवळतो, आणि आता तो घट्ट बसतो. वारा असेल तेव्हा फोमऐवजी तोच लावतो. त्याचं कापड चांगलं आहे, शिवण अजून उसवलेली नाही, हे मान्य करतो. गुण मात्र दोनच देईन, कारण ज्या पट्टीवर सगळं लटकतं तीच त्यांनी वीस रुपये वाचवायला खराब लावली.

फोम शीटचा शेवटचा अनुभव जूनअखेरचा. हळदीच्या कार्यक्रमात करवलीचा हात शीटला लागला. पुसलं तरी पिवळा डाग राहिला, आणि त्यानंतरच्या चाळीस फोटोंत सगळ्यांच्या गालांवर पिवळी झाक आली. आता पेटीत पाच कोऱ्या शीट ठेवल्या आहेत, आणि हळदीला जाताना दोन खिशात असतात.