मोठ्या विकीसाठी वार्निश : कोकणातली लाइट धरून

मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) हजारो पानांचा विकी स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा, तर पुढे वार्निश हवंच. हे मुक्त सॉफ्टवेअर एकदा तयार झालेलं पान मेमरीत धरून ठेवतं आणि लॉगिन न केलेल्या वाचकांना तेच देतं. पान बनवणाऱ्या पीएचपीला आणि डेटाबेसला हातही लागत नाही. वाचक भरपूर, संपादक मोजके असतील तर याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

लावताना आधी कुकीज बघा. ब्राउझरने कुठलीही कुकी पाठवली की वार्निश मूळ सेटिंगमध्ये कॅश (साठवलेली प्रत) टाळतं. वाचक मोजणाऱ्या स्क्रिप्टच्या कुकीज व्हीसीएल फाइलमध्ये (वार्निशच्या नियमांची फाइल) काढून टाका, लॉगिन ओळखणाऱ्या सेशन आणि टोकनच्या तेवढ्या ठेवा. मग तेच पान कर्ल या कमांडने दोनदा मागवा. दुसऱ्या वेळी उत्तरात ‘एज’ (Age, प्रतीचं वय) हेडर शून्याच्या वर दिसला, की जमलं. मीडियाविकीला वार्निशचा पत्ता सीडीएन (पुढचा कॅश) सर्व्हर म्हणून द्या. नाहीतर निनावी वाचकांचे सगळे बदल १२७.०.०.१ च्या (सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्याच्या) नावावर पडतात आणि एका खोडसाळाला ब्लॉक केलं की सगळेच अडकतात. मीडियाविकीला पर्जची (जुनी प्रत कॅशमधून पुसण्याची) परवानगी द्यायची राहिली, तर जतन केलेलं संपादन वाचकाला बराच वेळ दिसतच नाही.

कोकणातली खरी अडचण पुढे आहे. मृगाचा पाऊस लागला की रत्नागिरी-मालवणकडे लाइट जाते-येते, आणि मशीन बंद पडलं की वार्निशचा साठा रिकामा. लाइट आल्यावर प्रत्येक पान नव्याने बनतं, सर्व्हर धापा टाकतो. पार्सर कॅश (मीडियाविकीने उलगडून ठेवलेला पानांचा मजकूर) एपीसीयू किंवा मेमकॅशमध्ये ठेवा, असा सल्ला सर्रास मिळतो. पण तीही मेमरीच. इथे ती डेटाबेसमध्येच ठेवा, साचे पुन्हा उलगडण्याचं जड काम वाचतं. मारियाडीबी या डेटाबेसात कमिटच्या (बदल पक्का करण्याच्या) वेळी लॉग डिस्कवर उतरवण्याची सेटिंग वेगासाठी १ वरून २ करायलाही सांगतात. करू नका: लाइट गेली तर शेवटच्या सेकंदाभरातली संपादनं जातात.

८ जीबीच्या मशीनवर इनोडीबी बफर पूल (डेटाबेसची मेमरी) ३ जीबी (मूळचा १२८ एमबी अगदीच तोकडा), वार्निश १ जीबी, पीएचपी २ जीबी. पीएचपीच्या एका प्रोसेसला १०० एमबी धरले तर २० च्या वर प्रोसेस नकोत. स्वॅप (मेमरी संपून डिस्क वापरणं) सुरू झाला की सगळं मुसळ केरात.

बॉटपुढे मात्र वार्निश हतबल. पानांचा इतिहास आणि फरक दाखवणाऱ्या असंख्य लिंका ते उकरतात, आणि दर लिंक वेगळी असल्याने कॅशचा उपयोग शून्य. एचटीटीपीएससाठी वार्निशच्या पुढे एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर सहसा ठेवतातच. तिथेच या लिंकांवर दरमर्यादा (ठरावीक वेळात किती मागण्या, याची मर्यादा) घाला.

यूपीएस घेताना यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या. बॅटरी उतरली की ‘नट’ हे सॉफ्टवेअर त्या पोर्टवरून ते ओळखून मशीन नीट बंद करतं. घरच्या इन्व्हर्टरला ही सोय सहसा नसते.