म्हापशात घेतलेल्या हळदीच्या कॅप्सूल

बाजारातलं जुनं आयुर्वेदिक दुकान. वहिनींना कुणीतरी सुचवलं म्हणून 60 कॅप्सूलची बाटली आणली, 640 रुपये. हळद, ग्रीन टी आणि मिरी यांचा अर्क. दुकानदार म्हणतो, यानं कॅन्सरच्या गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटत नाहीत, गाठ उपाशी मरते.

माझा जन्म फोंड्याला फार्मसीच्या काउंटरमागे गेला, त्यामुळे मी हसलो नाही. कल्पना खरी आहे. बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांनी ती 1971 मध्ये मांडली आणि 2004 मध्ये त्याच तत्त्वावरचं बेव्हॅसिझुमॅब इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं. हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीतलं ईजीसीजी हेही प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये नव्या रक्तवाहिन्यांना आळा घालतात. माणसाचं तसं नाही. कर्क्युमिन पोटातून रक्तात जातच नाही फारसं. म्हणून मिरी. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं पिपरीन फक्त 20 मिलिग्रॅम दिलं, तर रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. इथवर बनवणाऱ्याला पैकीच्या पैकी मार्क.

मग लेबल वाचलं नि डोकं सटकलं. 'एकूण मिश्रण 500 मिलिग्रॅम', बस्स. कशाचं किती, पत्ता नाही. बशीत एक कॅप्सूल फोडली. नारिंगीकडे झुकणारी पूड, बोटाचा डाग साबणानंही जाईना. हळद आहे यात वाद नाही. पण साध्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम 3 टक्के, चांगल्या अर्कात 95. यात कुठली भरलीय?

खरा राग दुकानदाराचा. रोग्याला दुसरी कुठली औषधं चालू आहेत, हे त्यानं विचारलंच नाही. पिपरीन फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेणाऱ्याला हळदीच्या अर्कानं रक्तस्रावाची भीती. आणि वहिनींचं तर ऑपरेशन तोंडावर. जखम भरायला नव्या रक्तवाहिन्याच लागतात ना! हे सगळं बोललो, तर म्हणे, "कांयच भिवपाचें ना, झाडपाल्याचें वखद तें." म्हणजे झाडपाल्याचं औषध, घाबरायचं कारण नाही!

वहिनींनी बाटली बांबोळीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना दाखवली. तूर्त बंद.

बाटलीला दोन तारे, तेही मिरीमुळे. दुकानातली तिरफळं आणि सोलं मात्र उत्तम, डोळे मिटून घ्या. फक्त शुक्रवारी, आठवडी बाजाराला जाऊ नका, स्कूटर लावायलाही जागा मिळत नाही.