घरच्या व्हिडिओ कॅसेट डिस्कवर घेताना: डीव्हीडी रेकॉर्डर की संगणक?

जुन्या व्हिडिओ कॅसेट डिस्कवर उतरवायचे ठरले की दोन मार्ग समोर येतात. एक म्हणजे व्हीसीआर थेट डीव्हीडी रेकॉर्डरला जोडणे आणि दुसरा म्हणजे कॅप्चर उपकरणाच्या मदतीने चित्रण आधी संगणकात घेऊन मग डिस्क बनवणे. या दोहोंची तुलना सहसा सोयीच्या बाजूने केली जाते. येथे ती चित्राच्या दर्जापुरती केली आहे, कारण चुंबकीय फीत वयाबरोबर खराब होते, जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबवल्यापासून नवे व्हीसीआरही मिळत नाहीत, आणि हे काम पुन्हा करण्याची संधी मिळेलच याची खात्री देता येत नाही.

कोणताही मार्ग निवडला तरी चित्राचे बरेचसे भवितव्य त्याआधीच, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात आणि तेथून निघणाऱ्या वायरीत ठरते. व्हीएचएस फितीवर उजेड आणि रंग यांची माहिती वेगवेगळ्या वारंवारतांवर साठवलेली असते. पिवळ्या पिनेच्या कंपोझिट वायरीतून ती एकत्र मिसळून बाहेर येते आणि पुढच्या यंत्राला ती पुन्हा वेगळी करावी लागते. या खटाटोपात रंगांच्या कडांवर सरकणारे ठिपके दिसू लागतात आणि बारीक तपशील पुसट होतो. एस-व्हिडिओ वायर दोन्ही माहिती वेगळीच ठेवते, म्हणून ती जोडणी असलेला, बहुधा एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) प्रकारचा, व्हीसीआर मिळवणे श्रेयस्कर. त्यात टाइम बेस करेक्टर असेल तर आणखी उत्तम. फितीच्या चालीत किंचितही चढउतार झाला की चित्राची प्रत्येक ओळ थोडी पुढेमागे सरकते आणि दाराच्या चौकटीसारख्या उभ्या रेषा नागमोडी दिसतात. करेक्टर या ओळी पुन्हा एका रेषेत आणतो. हा दोष एकदा डिजिटल चित्रात उतरला की नंतर काढणे अतिशय कठीण असते.

डीव्हीडी रेकॉर्डरची खरी ताकद म्हणजे डळमळीत सिग्नल सहन करण्याची क्षमता. फीत जीर्ण असली तरी तो सहसा फ्रेम गाळत नाही आणि ध्वनी चित्राच्या पुढेमागे जात नाही. त्याची मर्यादा अशी की तो चित्र येत असतानाच, एकाच फेरीत, एमपेग-२ पद्धतीने संकुचित करतो आणि तो निर्णय नंतर बदलता येत नाही. येथे हिशेब सोपा आहे. एकस्तरीय डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतात. एक तास घेतल्यास सेकंदाला सुमारे १० मेगाबिट वाट्याला येतात, दोन तासांत सुमारे ५ आणि चार तासांत जेमतेम २.५. व्हीएचएसचे चित्र मुळातच सुमारे २४० रेषांचे असल्याने त्याला कमी बिट पुरतील असे पुष्कळांना वाटते, पण हा तर्क फसवा आहे. जुन्या फितीवरचे मुंग्यांसारखे कण प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे असतात, संकोचन करणारा एनकोडर त्यांनाही हालचालच समजतो, त्यांच्यावर बिट उधळतो आणि चेहऱ्यांवर चौकोनी ठोकळे उमटतात. म्हणून तीन-तीन कॅसेट एका डिस्कवर बसवण्याचा मोह आवरावा. एक तास उत्तम, दोन तास ही सीमा.

याला एक अपवाद मात्र आहे. काही रेकॉर्डर लांब वेळेच्या पद्धतीत आडव्या दिशेने ७२० ऐवजी ३५२ बिंदू नोंदवतात. २४० रेषांचे चित्र चारास तीन या प्रमाणात सुमारे ३२० बिंदूंत बसत असल्याने व्हीएचएसचे यात फारसे नुकसान होत नाही, उलट तेवढेच बिट कमी बिंदूंत वाटले गेल्याने ठोकळे कमी दिसतात. हाय-८ या कॅमेऱ्याच्या फितीच्या किंवा एस-व्हीएचएसच्या सुमारे ४०० रेषांसाठी मात्र ही सवलत नाही.

संगणकाचा मार्ग श्रेष्ठ ठरतो तो चित्र काहीही न गमावणाऱ्या संकोचनाने, म्हणजे हफवाययूव्ही किंवा लॅगारिथसारख्या कोडेकने (चित्र दाबण्याच्या पद्धतीने), साठवले तरच. पाल या भारतात वापरल्या गेलेल्या टीव्ही पद्धतीचे अजिबात न दाबलेले चित्रण तासाला सुमारे ७५ जीबी जागा घेते. असा कोडेक ती निम्म्याहून कमी करू शकतो. मग व्हीसीआरचे वाचक हेड बदलताना खालच्या कडेला उमटणारी फाटकी पट्टी झाकता येते, कण कमी करता येतात आणि दोन फेऱ्यांच्या एनकोडिंगने बिट हवे तेथे देता येतात. याउलट स्वस्त यूएसबी उपकरणासोबत आलेल्या सॉफ्टवेअरने सरळ एमपेग-२ मध्ये घेतले, तर रेकॉर्डरची स्थिरताही गेली आणि संगणकाची लवचिकताही मिळाली नाही, अशी गत होते. टाइम बेस करेक्टर नसताना ही उपकरणे फ्रेम गाळतात, आणि उजेडाची पातळी आधी तपासली नाही तर पांढरे कपडे व आकाश कायमचे जळून जाते. आणखी एक चूक सर्रास आढळते: फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे, जोडून चित्र ‘स्वच्छ’ करण्याची. पालमध्ये सेकंदाला ५० फील्ड असतात आणि डीव्हीडी ती जशीच्या तशी साठवू शकते. जोडून २५ फ्रेम केल्यास हालचालीचा सहजपणा जातो, तर फील्डचा क्रम उलटा लागल्यास माणसे चालताना थरथरतात.

मिनीडीव्ही आणि डिजिटल-८ या कॅमेऱ्याच्या फितींबाबत तुलनेचा प्रश्नच उरत नाही. त्या फितीवर माहिती आधीच डिजिटल असते. फायरवायर या डिजिटल जोडणीने ती तासाला सुमारे १३ जीबी या आकाराने जशीच्या तशी संगणकात येते. हीच फीत रेकॉर्डरला जोडणे म्हणजे विनाकारण लगेच दुसरे संकोचन ओढवून घेणे होय.

व्हीएचएस कॅसेट सुस्थितीत असतील, संपादन करायचे नसेल आणि चांगला व्हीसीआर हाताशी असेल, तर एक तासाच्या पद्धतीतला डीव्हीडी रेकॉर्डर पुरेसा आहे, आणि त्याबद्दल कमीपणा वाटण्याचे कारण नाही. चित्र अंधारे किंवा कणयुक्त असेल, फीत हाय-८ असेल किंवा तो प्रसंग पुन्हा कधीच मिळणारा नसेल, तर संगणकाचा मार्ग घ्यावा आणि डिस्क बनवल्यावरही मूळ फाइल हार्ड डिस्कवर ठेवावी. संशय असल्यास सर्वांत खराब कॅसेटमधली पाच मिनिटे दोन्ही मार्गांनी घ्यावीत आणि डिस्क टीव्हीवर लावून पाहावी. संगणकाच्या पडद्यावर नको, कारण तेथे फील्डच्या कंगव्यासारख्या रेषा उघड्या पडतात आणि चांगले चित्रही वाईट भासते.