स्कार्फ गळ्यात असताना आणि नसताना: पथकातल्या मोठ्यांच्या राजकारणासाठी तीन नियम, एक निवड

स्काउट-गाईडसारखं मुलांचं पथक चालवणाऱ्या मोठ्यांच्या बैठकीत हा विषय निघतो तो सहसा निवडणुकीच्या तोंडावर, आणि तोही कुणीतरी चिडल्यावर. एखाद्या पालकाने फोटो पाहिलेला असतो: पथकातली ताई प्रचारफेरीत, आणि गळ्यात पथकाचा स्कार्फ. मग सगळे घाईघाईने नियम लिहायला बसतात. तो त्या एका ताईला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला जातो आणि तिथेच फसतो. पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या बाजूच्या दादाचा तसाच फोटो आला की नियम लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो अचानक जाचक वाटायला लागतो.

तुमच्या गटात तो फोटो अजून यायचा असेल, तर नियम ठरवायला हीच वेळ बरी. तुमचं पथक मोठ्या संघटनेशी संलग्न असेल तर आधी तिचं नियमपुस्तक काढून वाचा. बहुतेकदा अर्धा नियम तिथे लिहिलेला असतो, आणि तो सैल करायचा अधिकार तुम्हाला नसतो. उरलेल्या अर्ध्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली, पूर्ण मौन: पदावर असेपर्यंत पक्षीय राजकारणावर जाहीर बोलायचंच नाही, अंगावर गणवेश असो वा नसो. दुसरी, गणवेशाची रेषा: गणवेशात तटस्थ, साध्या कपड्यांत इतर कुणासारखे नागरिक. तिसरी, उघड भूमिका: संघटनेनेच आपली विचारसरणी दारावर लिहून ठेवायची, म्हणजे आत येणाऱ्याला माहीत असतं. माझं मत दुसऱ्या वाटेला आहे. पण ती आहे तशी घेतली तर आजची भांडणं नेमकी जिथे होतात तिथेच ती तोकडी पडते, म्हणून तिच्यावर जास्त लिहितोय.

रेषा मुळात आली कुठून

१९०७ साली स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे पहिलं शिबिर भरवलं, त्यात वीसेक मुलं होती. काही बड्या शाळांमधली, काही कामगारांच्या घरातली. पुढे गणवेश आला त्यामागचा एक हेतू हाच होता की, कोण कुठल्या घरातून आलाय ते कपड्यांवरून कळू नये. म्हणजे गणवेश जन्माला आला तो फरक झाकायला. पक्षाचा बिल्ला नेमकं उलटं काम करतो, तो फरक दाखवायलाच लावलेला असतो. एकाच शर्टावर दोन्ही नांदणं अवघड.

मग १९२० आणि ३०च्या दशकांत जगाने दुसरा प्रकार पाहिला. सोव्हिएत संघात १९२२ पासून पायोनियर मुलांच्या गळ्यात लाल स्कार्फ आला, जर्मनीत हिटलर युथने बाकीच्या युवक संघटना गिळल्या, आणि दोन्हीकडे स्काउट चळवळीवर बंदी आली. जागतिक स्काउट संघटनेच्या घटनेत चळवळीची व्याख्या ‘ऐच्छिक, अराजकीय, शैक्षणिक’ अशी आहे. त्यातला मधला शब्द किती महाग पडू शकतो, हे त्या दशकांनी दाखवून दिलं.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. जॉन हारग्रेव्ह हा ब्रिटिश स्काउट चळवळीतला मोठा अधिकारी. पहिल्या महायुद्धानंतर चळवळ फार लष्करी वळणावर चाललीय म्हणून त्याचं बिनसलं, आणि १९२० मध्ये त्याने ‘किबो किफ्ट’ नावाची स्वतःची संघटना काढली. रानावनातले मुक्काम, हाताने केलेल्या वस्तू, टोपडं असलेले विचित्र पोशाख. दहा-बारा वर्षांत तिचंच रूपांतर एका आर्थिक सिद्धांताचा प्रचार करणाऱ्या, हिरवे शर्ट घालून रस्त्यावर कूच करणाऱ्या राजकीय चळवळीत झालं. १९३६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी राजकीय गणवेश घालण्यावर बंदी आणली. कायद्याचा मुख्य रोख काळ्या शर्टांच्या फॅसिस्टांवर होता, पण हिरवे शर्टही उतरले. लष्करी थाट नको म्हणून बाहेर पडलेला माणूस शेवटी रस्त्यावर कवायत करत होता, हे जरा लक्षात असू द्या.

आणि त्याच किबो किफ्टमधून फुटून निघालेल्यांपैकी लेस्ली पॉल याने १९२५ मध्ये ‘वुडक्राफ्ट फोक’ सुरू केली. ती सहकारी चळवळीशी जोडलेली आणि विचाराने उघडपणे डावीकडची. ती आजही चालू आहे. तिसऱ्या वाटेचं ते चांगलं उदाहरण, त्याकडे नंतर येतो.

पूर्ण मौन

ही वाट थोडक्यात आटोपते. फायदा एकच, पण खरा: पालकांना आश्वासन देणं सोपं. ‘आमच्याकडे कुणीच राजकारण बोलत नाही’ एवढं एक वाक्य पुरतं.

तोटे दोन. स्वयंसेवकाला पगार नाही, पदाचं संरक्षण नाही, आणि वर त्याच्या नागरिकपणावर कुलूप लावायचं, हा व्यवहार एकतर्फी आहे. अशा नियमाने पहिल्यांदा बाहेर पडतात ते सार्वजनिक कामाची आवड असलेले लोक, म्हणजे जे मुलांनाही हवे असतात. दुसरा तोटा छुपा आहे. ‘राजकारण’ म्हणजे काय, हे प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवतं. सत्तेत असलेल्याचं कौतुक ‘सामान्य बोलणं’ ठरतं आणि त्याच्यावरची टीका ‘राजकारण’. मौन सगळ्यांवर सारखं पडत नाही.

इथे लोक संस्था आणि माणूस यांची गल्लत करतात. अमेरिकेत १९५४ पासून करसवलत मिळणाऱ्या धर्मादाय संस्थांना कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायला मनाई आहे. पण ती मनाई संस्थेला. तिथे काम करणारा माणूस स्वतःच्या नावावर घरोघरी प्रचार करत फिरला तरी कायदा आड येत नाही. तुमचा नियम कायद्यापेक्षा कडक करायचा तर करा, पण ‘कायदाच आहे’ असं सांगून करू नका.

गणवेशाची रेषा

ब्रिटनच्या स्काउट नियमांचा सारांश असा: गणवेशात असताना किंवा चळवळीचा प्रतिनिधी म्हणून वावरताना पक्षीय सभा वा कार्यक्रमात भाग घ्यायचा नाही. ‘किंवा’ नंतरचा भाग पुन्हा वाचा. बहुतेक गट नियम उतरवून घेताना तोच गाळतात.

अमेरिकेतली मार्गदर्शक सूचना आणखी बारकाईची आहे. राजकीय कार्यक्रमात गणवेशातल्या मुलांनी ध्वज आणावा, प्रतिज्ञा म्हणवून घ्यावी, इथपर्यंत चालतं. पण ते झालं की व्यासपीठावर रेंगाळायचं नाही. कॅमेऱ्यात दिसेल असं थांबलं तर पाहणाऱ्याला तो पाठिंबा वाटेल. मला ही सूचना आवडते, कारण ती मनातल्या हेतूला हात न लावता फक्त काय दिसतं ते मोजते. तटस्थता म्हणजे राजकारणापासून पळ काढणं नव्हे, हेही तिथे दिसतं. त्यांच्या नागरिकत्वाच्या एका बॅजसाठी मुलांना नगर परिषदेच्या किंवा शाळा मंडळाच्या बैठकीला जाऊन बसावं लागतं.

एवढं असूनही २०१७ साली गडबड झालीच. वेस्ट व्हर्जिनियातल्या राष्ट्रीय जांबोरीत, म्हणजे स्काउटांच्या मोठ्या मेळाव्यात, २४ जुलैला अध्यक्ष ट्रम्प बोलायला आले. निमंत्रण रीतसर होतं. अमेरिकेचा अध्यक्ष तिथल्या स्काउट संघटनेचा मानद अध्यक्ष असतो. भाषणात निवडणुकीतला विजय आला, आधीच्या अध्यक्षांवर टोमणे आले, माध्यमांवर आगपाखड आली, आणि गणवेशातली मुलं आरोळ्या ठोकू लागली. तीन दिवसांनी संघटनेचे मुख्याधिकारी मायकेल सरबॉ यांनी दुखावलेल्यांची माफी मागितली. मुलांनी कुठलाच नियम मोडला नव्हता. नियम ‘आम्ही तिकडे जायचं नाही’ असा होता. राजकारण स्वतः चालत आलं तर काय, हे त्यात नव्हतं.

त्याच वर्षीच्या १ मे रोजी चेकियातल्या ब्रनो शहरात कट्टर उजव्या गटांचा मोर्चा होता. सोळा वर्षांची एक गाईड गणवेशात तिथे गेली आणि एका मोर्चेकऱ्यासमोर उभी राहून त्याच्याशी वाद घालू लागली. तो फोटो जगभर फिरला, आणि जागतिक स्काउट संघटनेनेही तो कौतुकाने पुढे पाठवला. आता नियमाची ओळ काढा: गणवेशात, राजकीय मोर्चात. अक्षर पकडलं तर प्रश्न उभा राहतो. ती कुणा पक्षाकडून गेली नव्हती, सगळे समान या चळवळीच्याच मूल्यासाठी उभी होती, असं उत्तर देता येतं, आणि मला ते पटतंही. पण हेही कबूल करावं लागेल की फोटो दुसऱ्या बाजूचा असता तर इतक्या सहज कौतुक झालं नसतं. म्हणून ‘पक्षीय’ हा शब्द नियमात असायलाच हवा. नुसतं ‘राजकीय’ लिहिलंत तर अशा प्रत्येक मुलीची चौकशी लावावी लागेल, नाहीतर सोयीने डोळेझाक करावी लागेल.

रेषेची खरी अडचण मला एका शिबिराच्या परतीच्या प्रवासात कळली. आमच्या गटातला एक दादा नियमाचा पक्का. निघताना त्याने स्कार्फ काढला, वॉगलमधून, म्हणजे गळ्याशी तो अडकवायच्या कडीतून, सोडवला, नीट घडी करून खिशात ठेवला. मग साध्या टीशर्टात बसच्या मागच्या बाकावर, बारा-तेरा वर्षांच्या सात-आठ पोरांच्या मधोमध बसून तीन तास आपल्या उमेदवाराचं कौतुक केलं. पोरं तल्लीन होऊन ऐकत होती, कारण याच माणसाने त्यांना आदल्या रात्री तारे ओळखायला शिकवले होते. रात्री पालकांच्या ग्रुपवर ‘सगळे सुखरूप पोचले’ या निरोपाखाली प्रचाराचा व्हिडिओ पडला. नियम कुठेच मोडला नव्हता, गणवेश खिशात होता. पुढच्या आठवड्यात एका पोराने मला विचारलं, “दादा, आपलं पथक कुणाचं?”

मुलांवर वजन असतं ते माणसाचं. स्कार्फ खिशात गेला तरी ते उतरत नाही, आणि नियमाला मोजता येतो फक्त स्कार्फ. ही त्यातली फट.

उघड भूमिका

जर्मनीत ‘फाल्कन’ ही समाजवादी मुलांची संघटना आहे. निळा शर्ट, लाल स्कार्फ, आणि नावातच समाजवादी. वुडक्राफ्ट फोकही आपले विचार लपवत नाही. पालक दारातच ठरवतात: पटतं तर मूल पाठवायचं, नाहीतर नाही. मौनाच्या वाटेवरचा छुपा कल इथे नसतो, हा या वाटेचा मोठा गुण. ज्यांना तटस्थता म्हणजे ढोंग वाटतं, त्यांनी तटस्थ पथकात कुढत बसण्यापेक्षा अशा ठिकाणी जावं, हे मी मनापासून सांगतो.

अडचण मुलाची. निवड पालकांनी केलेली असते आणि मूल चौदाव्या वर्षी स्वतःचं मत बनवायला लागतं. अशा संघटनेची परीक्षा घ्यायची तर एकच गोष्ट विचारा: संघटनेच्या भूमिकेशी उघडपणे असहमत असलेलं मूल इथे संघनायक, म्हणजे मुलांच्या छोट्या तुकडीचा प्रमुख, होऊ शकतं का? उत्तर द्यायला कुणी अडखळलं तर मूल पाठवू नका, आणि स्वतःही जाऊ नका.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेच्या मध्ये एक पायवाट आहे. ब्रिटनच्या गर्लगाइडिंग या मुलींच्या संघटनेने २०१३ मध्ये एका दैनिकाच्या पानावर छापल्या जाणाऱ्या उघड्या स्त्रियांच्या छायाचित्रांविरुद्धच्या मोहिमेला पाठिंबा दिला. पक्ष कुठलाच नव्हता. मुद्दा होता, आणि तो मुलींच्या रोजच्या जगण्यातला होता. भूमिका घ्यायचीच असेल तर अशी, मुलांना विचारून. मोठ्यांनी ठरवून मुलांच्या हातात फलक देणं हा वेगळाच प्रकार.

मी काय लिहीन

लहान, मिश्र पालकांचं पथक असेल तर गणवेशाची रेषाच घ्या, फक्त ती कापडाच्या पलीकडे न्या. गणवेश, स्कार्फ, बिल्ला, पथकाचं नाव आणि तुमचं पदनाम, सगळ्याला एकच नियम. प्रोफाइलवर स्कार्फमधला फोटो असेल तर त्या खात्यावरून प्रचार नाही. प्रचार हवा तर फोटो बदला. मुलं सोबत असतील तेव्हा कपडे कुठलेही असोत, तुम्ही गणवेशातच आहात असं धरायचं, आणि यात परतीची बस आली. पथकासाठी मिळालेले पालकांचे नंबर पथकाच्याच कामाला. पुढारी पाहुणा म्हणून येणार असेल तर निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत नको. एरवी आला तर मुलं व्यासपीठावर त्याच्या मागे उभी करायची नाहीत.

मूल विचारेल, “ताई, तुम्ही कुणाला मत दिलं?” मौनवाली ताई विषय बदलते, उघड भूमिकेची ताई नाव सांगते. मी म्हणेन, नाव सांगू नका पण विषयही बदलू नका. मत ठरवताना तुम्ही काय काय वाचता, कुणाला प्रश्न विचारता, कधी तुमचं मत बदललं, हे सांगा. बारा वर्षांच्या मुलाला नावापेक्षा यात जास्त रस असतो, असा माझा अनुभव आहे.

आणि नियम मोडला तर सांगणार कोण, हे आधीच ठरवा. पथकप्रमुखाने बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की माणूस दुखावतो आणि त्याला त्यात पक्षद्वेष दिसतो. ज्याला सांगायचं त्याच्याच पक्षाला मत देणाऱ्या कुणीतरी, एकटं गाठून सांगावं. बसमधल्या त्या दादाला आमच्यातल्या एका ताईने असंच सांगितलं. मतदान दोघांचं एकाच चिन्हावर, त्यामुळे वाद घालायला त्याला काही सापडेना. व्हिडिओ त्याने त्याच रात्री काढला, आणि प्रोफाइलवर स्कार्फमधल्या फोटोच्या जागी त्याच्या कुत्र्याचा फोटो आला. तो अजून आहे.