आईसाठी घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडम (शहापूर, बेळगाव)
गणपती झाले आणि आईची डावी बाजू पक्षाघाताने गेली. दिवाळीत व्यायामाला सुट्टी पडणार असं आम्ही धरूनच चाललो होतो, पण मॅडमनी वसुबारसेलाच बजावलं, "खाडा करायचा नाही." पहिल्या ३ ते ६ महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते, तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की मेंदू नवी वाट तयार करतो, हे त्यांनी नीट समजावलं.

आणि व्यायाम काय दिला? चकलीचं पीठ मळायला! परातीत डाव्या हाताची बोटं रुतवायची, मूठ आवळायची, सोडायची. आईचा खांदा वर चढला की मॅडम लगेच हाताने खाली आणत. रबरी चेंडूला कंटाळलेली आई पिठाला मात्र कंटाळली नाही.

नरकचतुर्दशीला भावाने आधार दिला आणि आईने डाव्या पायानेच कारीट फोडलं. घरात सगळेच रडले.

फी थोडी जास्त वाटेल, पण त्या मशीन लावून मोबाईल बघत बसत नाहीत, पूर्ण वेळ हात लावून करून घेतात. मराठी-कानडी दोन्ही बोलतात, त्यामुळे शेजारच्या अज्जींचीही सोय झाली. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, आधी फोन करा.